गोसाईकुंडाची प्रवेशपरीक्षा

सांगू नये असे वाटते, आणि सांगितल्याशिवाय पोटात राहतही नाही. तेव्हा चहा ओता, साखर कमी घाला, आणि हसायचेच असेल तर तोंडावर पदर घेऊन हसा. कारण ही फजिती दुसऱ्या कोणाची नसून माझी आहे, आणि तीही साधीसुधी नव्हे. चांगली चौदा हजार फूट उंचीची आहे!

मी टिपणीस बाई. शाळेत मराठी आणि भूगोल शिकवून निवृत्त झाले. मीरा रोडच्या आमच्या इमारतीत कोणी मला 'बाई' म्हणते, कोणी 'टीचर' म्हणते, आणि माझ्या माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण चहाच्या वेळी ते कशाला?

अख्खी नोकरी मी हिमालय शिकवला. फळ्यावर नकाशा टांगायचा, लांब पट्टी उचलायची आणि म्हणायचे, "मुलांनो, ही पाहा पर्वतराजी!" पट्टीच्या टोकाने मी एव्हरेस्ट इतक्या वेळा सर केले, की शेवटी नकाशाला तिथे भोक पडले. प्रत्यक्षात मात्र मी पाहिलेला सर्वांत मोठा हिमप्रदेश म्हणजे आमच्या फ्रिजचा वरचा कप्पा.

ही सल फार जुनी. म्हणून यंदा ठरवले, हिमालय पाहायचाच. तोही बसच्या खिडकीतून नव्हे, चालत! नेपाळात लांगटांग नावाचे खोरे आहे. नदीच्या काठाने वर वर जायचे, वाटेतल्या गावांमध्ये लॉजवर राहायचे, सोबत तिथला वाटाड्या, आणि शेवटी डोंगरमाथ्यावर सरस्वतीकुंड, भैरवकुंड आणि गोसाईकुंड अशी पवित्र सरोवरे. मी रोज रात्री जेवण झाल्यावर त्या सरोवरांची छायाचित्रे पाहत असे. निळाई अशी, की शाईची दौत सांडावी!

माझा मुलगा निखिल यास मी हा बेत सांगितला.

"आई, कुठे राहणार म्हणालीस?"

"लॉजवर."

"हळू बोल गं! खिडकी उघडी आहे."

आता आमच्या हायवेच्या बाजूला लॉज या शब्दाला काय वास येतो, तो दोष माझा का? मी त्याला समजावले की डोंगरातला लॉज म्हणजे चुलीची ऊब आणि गरम डाळ-भात. त्यावर तो म्हणाला, "ते ठीक आहे. पण एकटीने अजिबात नाही. चांगला ग्रुप असेल तर जा."

तिकडे काठमांडूहून आमचे वाटाडे, फुर्बा तामांग, फोनवर तेच म्हणाले. "मॅडमजी, छह लोग तो चाहिए ही. उससे कम में हम नहीं निकलते."

म्हणजे मला पाच सोबती हवेत; नाहीतर हिमालय पुन्हा नकाशावर! एवढाच प्रश्न होता. आणि एवढाच प्रश्न मी किती बिघडवून ठेवला, ते आता ऐका.

प्रथम मी सोसायटीच्या फलकावर सूचना लावली. भाषा अर्थातच निर्दोष. "सर्व सन्माननीय सदनिकाधारकांस विनम्रपणे सूचित करण्यात येते की, नेपाळस्थित लांगटांग उपत्यकेतून अनुभवी मार्गदर्शकाच्या सान्निध्यात पदभ्रमण करण्याचे योजिले असून…" असे दीड पान. शेवटी स्वाक्षरी.

आठवडा गेला. एक माणूस फिरकेल तर शपथ!

मी निष्कर्ष काढला. (निष्कर्ष काढण्याची मला फार घाई असते.) या इमारतीतल्या बायका चालायला घाबरतात. यांना गुडघे आहेत, कंबर आहे, मालिका आहेत. यांच्यापुढे 'पदभ्रमण' म्हणणे हेच चुकले. यांना काय हवे? देव!

झाले. मी दुसरी सूचना लिहिली. "पवित्र सरोवर दर्शन! हलाहल प्राशन केल्यावर कंठाचा दाह शमवण्यासाठी साक्षात शंकराने त्रिशूळ मारून काढलेले जल. वाटेत प्राचीन बौद्ध गोंपा (मठ). निवास, भोजन व मार्गदर्शक यांची सोय. भेटा : टिपणीस बाई, तिसरा मजला."

आता तुम्ही मला सांगा, यात असत्य काय आहे? एकही वाक्य खोटे नव्हते. काही वाक्ये तेवढी गैरहजर होती.

तासाभरात दाराची घंटा वाजली. पाचव्या मजल्यावरच्या जसुबेन. वय सत्तरीच्या अलीकडचे, देह भरघोस, जैन, आणि तीन वाक्यांत तीन भाषा बोलण्याचा सराव.

"टीचरबेन! दर्शनमां मारू नाम लिखो. मेरी दो नणंद का भी लिखो. तुमी लीडर हाय ना? मग आपल्याला काय टेन्शन नाय!"

"पण जसुबेन, तुम्ही जैन. हे शंकराचे कुंड."

"अरे, पाणी तो पाणी छे ने! दर्शन में कोई भेदभाव नहीं. पण हां, कांदा-लसूण-बटाटा आपल्याला चालणार नाय."

मी लगेच फुर्बांना फोन लावला. "वहाँ लॉज में बटाटे और लहसुन के बिना क्या मिलता है?"

फुर्बांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग ते म्हणाले, "दाल-भात-तरकारी मिलेगा, मॅडमजी."

"तरकारी किसकी?"

"आलू की."

"और कुछ?"

"सूप मिलेगा ना!"

"किसका?"

"लहसुन का. ऊपर हवा पतली है, उसके लिए अच्छा होता है."

मी फोन ठेवला आणि जसुबेनना सांगितले, "डाळ-भात मिळतो." पुन्हा पाहा, असत्य काहीही नाही!

जसुबेन जाताच दुसऱ्या मजल्यावरच्या सुनंदाताई कांबळे आल्या. मूळच्या लातूरकडच्या, विम्याच्या कचेरीत नोकरीला, आणि बोलणे असे थेट की समोरच्याने आधी खुर्ची धरून ठेवावी.

"बाई, ते गोंपाचं खरं हाय का?"

"खरे आहे. जुना गोंपा आहे."

"मग मी येते अन् आमच्या मंडळाच्या चौघी येतेत. पण एक सांगते, त्या कुंडाला मी काई हात जोडणार नाही."

"नका जोडू. नुसते पाहा."

"पाह्याला काय जातंय! लिव्हा नाव."

सहा हवे होते. एका संध्याकाळी नऊ झाले! मला वाटले, मी केवढी मुत्सद्दी. एकाच प्रवासाच्या दोन आवृत्त्या काढल्या, आणि दोन्ही हातोहात खपल्या.

पण हातोहात खपणाऱ्या गोष्टीचे काय होते? ती हाताबाहेर जाते.

चार दिवसांत आकडा मला धरून चौदावर गेला. शिवाय जे येणार नव्हते, तेही येऊ लागले. कोणी रिकामी बाटली आणून देई, "टीचर, कुंडाचं पाणी!" कोणी नारळ देई. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर मेहुण्याची पत्रिका आणली, सरोवरात बुडवून आणायला. लग्न जमत नव्हते म्हणे! मी सर्वांना "पाहू" एवढेच म्हणत असे. हॉलमध्ये नारळांचा ढीग लागला. निखिल म्हणाला, "आई, ट्रेकला चाललीयस की नारळांचा धंदा काढतेयस?" विनोद त्याला लहानपणापासूनच जमत नाही.

आणि मग फलक लागला.

जसुबेनच्या भाच्याचा जवळच हाटकेशला फ्लेक्स छापण्याचा गाळा आहे. त्याने हौसेने, मला न विचारता, इमारतीच्या फाटकावर दहा फुटी फ्लेक्स चढवला. वर बर्फाची शिखरे. शिखरांवर ढग. ढगांतून येणारे सोनेरी किरण. त्या किरणांच्या मधोमध माझा पासपोर्टचा फोटो, त्याला कोणाचे तरी जोडलेले हात चिकटवलेले. आणि खाली ठळक अक्षरांत : "आदरणीय टिपणीस बाई यांचे हिमालयाकडे प्रस्थान."

आता तुम्हीच सांगा, हे पाहून माणसाला काय वाटेल?

दुपारपर्यंत तीन फोन. एक माजी विद्यार्थी, हल्ली काशीगावात दुकान चालवतो, तो निखिलला रडत रडत म्हणाला, "दादा, कधी झालं हो? मला कळवायचं तरी!" निखिल म्हणाला, "अरे, आई इथंच आहे, भाजी निवडतेय." तरी तो हार घेऊन आलाच. मला दारात पाहून आधी दचकला, मग म्हणाला, "आणलाच आहे तर घाला, बाई." मी घातला. शेवंतीचा होता. चांगला होता.

या गडबडीत फुर्बांचा फोन आला. "मॅडमजी, कितने लोग हो गए?"

"चौदह," मी अभिमानाने म्हणाले.

"चौदह नहीं होगा. कुंड के पास लॉज कम हैं, कमरे गिने-चुने. दस लोग. उससे एक भी ज़्यादा नहीं."

म्हणजे चौघींना काढायचे! कोणाला? इथे मला माझी गैरहजर वाक्ये आठवली. मी म्हटले, एकदा फुर्बांना सगळ्यांसमोर बोलू द्यावे. चालणे किती ते कळले की अर्ध्याजणी आपोआप गळतील, आणि मी वाईट ठरणार नाही. युक्ती बरी होती, नाही का?

सोसायटीच्या कचेरीत सर्वांना जमवले. मोठ्या पडद्यावर फुर्बा आले. मी त्यांच्याशी बोलण्यासाठी रेशमी साडी नेसले होते, चष्मा पुसला होता. ते म्हणाले, "माताजी लोग, रोज़ छह-सात घंटा चलना है. चढ़ाई है. ठंड है."

मी डोळे मिटले. आता उठतील खुर्च्या!

"बस?" जसुबेन म्हणाल्या. "छह घंटा?"

"हाँ जी."

"अरे भाई, मैंने पालीताणा में नव्वाणू किया है!"

फुर्बांना कळेना, म्हणून जसुबेननी समजावले. पालीताण्याचा डोंगर नव्याण्णव वेळा चढणे, असे त्यांच्यात एक व्रत असते. हजारो पायऱ्या, अनवाणी. त्यांनी ते एकदा नव्हे, दोनदा केले होते. नणंदांनीही. आणि ही बाई रोज लिफ्टने भाजीला जाते म्हणून मी तिला मनातल्या मनात कच्चे गुण देऊन ठेवले होते!

सुनंदाताई म्हणाल्या, "आमी बी दर पौर्णिमेला कान्हेरीची लेणी चढतो की. चालायलाच तर चाललोय. न चालता कुठं हिमालय असतो व्हय?"

माझा आवाज जरा चिरकला. "मग माझ्या पहिल्या सूचनेला तुमच्यापैकी कोणी का नाही आले? त्यात सगळे लिहिले होते! चालणे, चढणे, सगळे!"

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी जसुबेन हळूच म्हणाल्या, "वो? वो कितना भारी मराठी था, टीचरबेन. हमको लगा, पाणी बंद रहेगा उसका नोटिस है. मी तर सगळे पिंप भरून ठेवले!"

सुनंदाताई म्हणाल्या, "मी बी टाकी भरली."

सांगा, आता भाषेची निर्दोषता कुठे नेऊन ठेवू?

एकही जण गळाली नाही. तेव्हा मी उभी राहिले आणि घोषणा केली : प्रवेशपरीक्षा होईल. येत्या रविवारी विरारचा जीवदानी देवीचा डोंगर. पायथ्याला माझी शिट्टी, माथ्यावर मंदिराचे दार. आधी पोहोचतील त्या दहा जणी जातील. कोणालाही सूट नाही, अपवाद नाही, वशिला नाही. हे मी लिहून, खाली सही करून, फलकावर लावले. या वेळी तीनच ओळी लिहिल्या; सगळ्यांनी वाचल्या.

"बाई, तुमी बी चढणार ना?" सुनंदाताईंनी विचारले.

"अर्थातच! परीक्षकाने आदर्श घालून द्यायला नको?"

तयारीत मी कसूर केली नाही. केबिन रोडवरून बूट आणले, घोट्याच्या वर येणारे. दोन काठ्या आणल्या. पाठीवर पिशवी, पिशवीत पाणी, कपाळाला दिवा. दिवा सकाळी सातला कशासाठी, असे निखिलने विचारले. मी त्याचा पट्टा आणखी घट्ट केला.

रविवारी भाड्याच्या गाडीने आम्ही विरारला पोहोचलो. तिघींनी दांडी मारली. त्यांना मी गाडीतच नापास केले. राहिल्या दहा, आणि अकरावी मी. जागा दहा! हे गणित मला त्या वेळी दिसले नाही. मी भाषेची शिक्षिका.

जसुबेननी पायथ्याला चपला काढल्या. "देवी की पायरी पे चप्पल कैसा डालेगा?" वर त्या दिवशी त्यांचा उपवास होता, नुसत्या उकळलेल्या पाण्यावरचा. सुनंदाताईंनी पदर खोचला. मी शिट्टी वाजवली.

पहिला टप्पा मी सर्वांच्या पुढे होते. हे कृपया लक्षात ठेवा, कारण पुढे सांगण्यासारखे दुसरे काही नाही.

मग मी बुटाची नाडी बांधायला थांबले. मग निसर्गनिरीक्षण करायला थांबले. मग एका पायरीची घडण कशी आहे ते पाहायला थांबले. जसुबेन शेजारून गेल्या, काहीतरी स्तवन गुणगुणत. गुणगुणत! माझ्या तोंडून नुसती हवा बाहेर पडत होती, आणि या बाईला सूर सापडत होता!

"टीचरबेन, बैठ जाव, बैठ जाव," त्या जाता जाता म्हणाल्या.

"मी बसलेले नाही! मी फक्त… उभी… राहण्याच्या… आधीच्या… स्थितीत आहे!"

निम्म्या वाटेवर लिंबू-सरबताची एक टपरी होती. तिथे मात्र माझ्या पायांनी मला न विचारता निर्णय घेतला. सरबतवाली मावशी जवळच्या गावातली. तिने मला बसवले, बूट काढले, डोक्यावर ओला रुमाल ठेवला.

"काठ्या दोन हायेत, दिवा हाय, बूट हायेत," तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "फकस्त चढायचं तेवढं न्हाय जमत व्हय तुमाला?"

मी दोन ग्लास सरबत प्यायले. मग तिसरा मागितला.

तासाभराने वरून हसण्याचे आवाज येऊ लागले. दहाच्या दहाजणी उतरत होत्या, काहींच्या कपाळाला कुंकू, हातात प्रसाद. सुनंदाताईंनी फोन समोर धरला होता. फुर्बांना थेट दाखवणे चालू होते. "ह्या बघा, समद्या वरपर्यंत गेल्या!"

"बहुत बढ़िया! सब फिट हैं," फुर्बांचा आवाज आला. मग फोन माझ्याकडे वळला, आणि आवाज एकदम गंभीर झाला. "लेकिन ये जो माताजी बैठी हैं, लाल-लाल चेहरा, इनको मत लाना. हाथ जोड़ता हूँ. ऊपर हवा बहुत कम है. इनके घरवालों को पता है कि ये यहाँ आई हैं?"

सुनंदाताई म्हणाल्या, "अवो, ह्याच टिपणीस मॅडम हैत!"

काठमांडूत फुर्बांनी डोक्यावरची टोपी काढली.

"नमस्ते, मॅडमजी," ते म्हणाले. "आवाज़ कट रहा है…" आणि तो लगेच कटला.

परतीच्या गाडीत सगळ्या माझ्याकडे चोरून पाहत होत्या. शेवटी जसुबेननी माझा हात धरला. फार मायाळू बाई. म्हणाल्या, "टीचरबेन, मारू नाम काढी नाखो. मेरी जगह आप जाओ."

आता इथे माझी खरी चूक झाली. तुम्ही मराठी आहात, तुम्हाला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे कोणी लाडू वाढू लागले तर आपण काय म्हणतो? "नको, नको!" मग समोरचा म्हणतो, "घ्या हो." आपण पुन्हा म्हणतो, "छे, छे!" मग तिसऱ्यांदा आग्रह होतो, आणि लाडू ताटात पडतो. ही आपली रीत. मीही त्याच रीतीने मान ताठ केली आणि म्हणाले, "मुळीच नाही, जसुबेन! निकाल तो निकाल. नियम मी केला, तो मी मोडणार नाही."

आणि दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसले.

जसुबेनचे डोळे भरून आले. "वाह! इसको बोलते हैं टीचर!" असे म्हणून त्यांनी माझा हात सोडला आणि प्रसादाचा पेढा माझ्या तळहातावर ठेवला.

सुनंदाताईंनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

अहो, पहिल्या नकाराला कोणी नकार मानतो का? मी खाडीवरचा पूल येईपर्यंत वाट पाहिली. मग घोडबंदरचा फाटा येईपर्यंत पाहिली. एकदा खोकलेसुद्धा! कोणी विचारीना. दहाहीजणी थंडीत कोणते मोजे घालावेत, यावर बोलत होत्या.

तेव्हा सध्याची परिस्थिती अशी आहे. सहल मी काढली, वाटाड्या मी शोधला, लांगटांगचा नकाशा मी पाठ केला. आणि त्या सहलीच्या प्रतीक्षा यादीत पहिले आणि एकमेव नाव माझे आहे. दहांपैकी एखादी गळाली, तर मी जाणार. निघायचे आहे दसऱ्यानंतर; फुर्बांना मी ठणकावून सांगितले आहे की दसऱ्यापर्यंत मी पायऱ्यांचा सराव करीन. ते म्हणाले, "भगवान पर छोड़ दीजिए, मॅडमजी."

म्हणून हल्ली मी देवापुढे दिवा लावते. आयुष्यात कधी काही मागितले नाही. आताही कोणाचे वाईट चिंतीत नाही, गैरसमज नको! फक्त एकीचा गुडघा. तोही एकच. तोही दसरा ते दिवाळी एवढ्यापुरता, आणि फार दुखू नये.

काल दुपारी लिफ्ट बंद होती. जिन्यातून वरच्या मजल्यावरून आवाज आला, "ओ मा रे!" जसुबेनचा!

मी उठले ती वेदनाशामक मलम घेऊनच धावले. दोन मजले एका दमात चढले! कुठे थांबले नाही, कुठे निसर्गनिरीक्षण केले नाही. पाहते तर जसुबेन पायरीवर बसलेल्या, पाय धरून.

"गुडघा?" मी विचारले. आवाजात जरा उत्साह आला असावा.

"ना रे ना," त्यांनी हातातली वस्तू वर धरली. "चप्पलचा अंगठा तुटला."

माझा चेहरा पडला. तो पाहून त्या बिचाऱ्या माझीच समजूत घालू लागल्या.

"टीचरबेन, रोना नहीं! चप्पल ही तो है, नया ले लेंगे."